न दिसणाऱ्यांची हजेरी

१८१२ साली लंडनमध्ये पुस्तकबांधणी शिकणारा एक लोहाराचा मुलगा, दुकानातल्या गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर, हम्फ्री डेव्हींची चार व्याख्याने ऐकून आला. तो मायकेल फॅरडे. चौथीनंतर शाळा न पाहिलेल्या माझ्यासारख्याला हा माणूस आपला वाटतो. जितकी वीज वाहते तितकेच विघटन होते, हा नियम त्याने पुढे १८३३ च्या सुमारास सिद्ध केला.

हा नियम हाती धरून रेणू मोजता येतात. पाण्यात थोडे गंधकाम्ल घालून प्लॅटिनमच्या दोन पट्ट्या बुडवा आणि अर्धा अँपिअर प्रवाह १० मिनिटे सोडा. वीज झाली ३०० कूलंब. एका कूलंबात इलेक्ट्रॉन किती? ६२४ वर १६ शून्ये. हा हिशेब मिलिकनने तेलाच्या थेंबांवरून केला, म्हणून पुढचे जमते. हायड्रोजनच्या एका रेणूला दोन इलेक्ट्रॉन लागतात. तेव्हा ऋण पट्टीवरील नळीत ९३६ वर १८ शून्ये इतके रेणू जमले. त्यांची जागा ३८ घनसेंटिमीटर. २५ अंश उष्णतेला दोन ग्रॅम हायड्रोजन सुमारे साडेचोवीस लिटर भरतो. त्रैराशिक मांडा: ६०२ वर २१ शून्ये. हाच अ‍ॅव्होगाड्रोचा अंक.

नळीत मात्र ३९ च्या वर भरेल, कारण वायूबरोबर पाण्याची वाफही असते. ती वजा केली नाही तर अंक शेकडा तीनने कमी येतो. काट्याची चूक नेहमी एकाच बाजूला झुकते, हे कामगाराला सांगावयास नको!

मे २०१९ पासून हा अंक आंतरराष्ट्रीय व्याख्येनेच कायम झाला आहे. आता उत्तर चुकले, तर चूक आपल्या नळीत नाहीतर घड्याळात शोधावयाची.