रुसलेली गाडी आणि विजेची वाट

मोटार सुरू होईना की, 'आज गाडी रुसली', असे आपण सहज म्हणून जातो. माणसाचा रुसवा काढावयाचा तर त्याचे मन जाणावे लागते. यंत्राला मन नाही. त्याच्या प्रत्येक रुसव्यामागे एक कारण असते आणि ते कारण एका निश्चित जागी दडलेले असते. ती जागा शोधण्याचे सोडून आज बॅटरी, उद्या कॉइल, परवा प्लग असे नवे भाग घालीत राहिल्यास पैसा जातो आणि दोष मात्र जागच्या जागी राहतो. जुन्या मालवाहू गाडीतील विजेचे दोष क्रमाने कसे हुडकावेत, हे या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे.

उदाहरणादाखल अमेरिकेतील शेव्हरोलेट कंपनीची '३१००' ही अर्ध्या टनाची पिकअप गाडी घेऊ. १९४७ पासून ती तयार होऊ लागली. तिची मूळ संस्था जनरल मोटर्स हिने मुंबईस शिवडी येथे १९२८ पासून १९५४ पर्यंत मोटारी व ट्रक जोडण्याचा कारखाना चालविला होता. त्यामुळे शेव्हरोलेट हे नाव आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींस परके नाही. या पिकअपचे एंजिन सहा सिलिंडरांचे, पेट्रोलवर चालणारे. आणि बहुतेक काळ तिची बॅटरी सहा व्होल्टांची, म्हणजे प्रत्येकी दोन व्होल्टांच्या तीन घटांची होती. अशा जतन केलेल्या गाडीतील तारांचे वय आज सत्तर वर्षांच्या घरात असते. तारांवरील कापडी वेष्टण कुजलेले असते आणि मधूनमधून कोणीतरी घाईने जोडलेल्या तारा लोंबत असतात. दोषांना आणखी काय पाहिजे?

प्रथम विजेचा एक स्वभाव ध्यानी घ्यावा. ती जेथून निघाली तेथे परत पोचण्याची वाट असल्यावाचून वाहतच नाही. घरात जाण्याची एक व येण्याची एक अशा दोन तारा असतात. मोटारीत मात्र परतीची तार बहुधा नसते; गाडीचा लोखंडी सांगाडा हाच परतीचा रस्ता. यालाच 'अर्थ' म्हणतात. जाणारी तार सर्वांना दिसते, म्हणून तिच्याकडे लक्ष जाते. परतीची वाट दिसत नाही, म्हणून ती विसरली जाते. आणि निम्मे घोटाळे तेथेच होतात.

आता ठिणगीचा प्रवास पाहू. बॅटरीतून निघालेला प्रवाह अँमीटर व चावीचा स्विच यांतून कॉइलमध्ये येतो. तेथून तो डिस्ट्रिब्युटरमधील दोन लहान पॉइंटांतून जाऊन सांगाड्याच्या वाटेने परततो. एंजिन फिरू लागले की हे पॉइंट उघडतात व मिटतात. ते उघडताच कॉइलमधील प्रवाह एकाएकी तुटतो, तिचे चुंबकत्व कोसळते आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत कित्येक हजार व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो. फॅरडेने १८३१ साली शोधलेला हाच तो नियम, जो विद्यार्थी विज्ञानाच्या पुस्तकात वाचतात. हा दाब डिस्ट्रिब्युटरच्या झाकणातून, फिरत्या रोटरमार्गे, ज्याची पाळी असेल त्या प्लगकडे जातो व तेथे ठिणगी पडते. एंजिनाचे मिनिटास ३,००० फेरे होत असतील, तर अशा ९,००० ठिणग्या, म्हणजे सेकंदास १५० ठिणग्या पडाव्या लागतात! ही रचना अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास सिद्ध केली. त्यांच्या संस्थेचे संक्षिप्त नाव 'डेल्को'. आपले जुने मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला 'डेल्को' म्हणतात, त्याचे मूळ हे असे आहे.

तपासणीचा आरंभ नेहमी बॅटरीपासून करावा. तिच्या टोकांवर पांढरा-हिरवा फुलोरा आला असेल, तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने तो धुऊन, टोके घासून चकचकीत करून घट्ट आवळावीत. एवढ्याशा मळाने काय बिघडते, असे कोणी विचारील. त्याला ओहमचा नियम उत्तर देतो. सेल्फ फिरताना सुमारे २०० अँपिअर प्रवाह लागतो असे धरा. मळामुळे एका ओहमचा केवळ शंभरावा भाग इतका अडथळा आला, तरी २०० गुणिले ०.०१ म्हणजे दोन व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. सहांपैकी दोन गेले. सेल्फला चारच उरले! बारा व्होल्टांच्या गाडीत तेवढ्याच कामाला साधारण निम्मा प्रवाह पुरतो. तेथे तोच मळ एकच व्होल्ट खाईल, म्हणजे बारावा हिस्सा. सहा व्होल्टांची गाडी स्वच्छतेविषयी इतकी हट्टी का, हे यावरून कळेल. व्होल्टमीटरचे एक टोक बॅटरीच्या खुंटीवर व दुसरे तिच्यावरील पकडीवर टेकवून सेल्फ मारावा. काटा जवळजवळ शून्यावर राहिला तर सांधा चांगला. तो पुढे सरकला, तर चोर तेथेच आहे.

सेल्फ जोमाने फिरतो, पण एंजिन धरत नाही, अशी स्थिती असेल तर सहा व्होल्टांचा एक लहान दिवा घ्यावा. त्याची एक तार एंजिनाच्या उघड्या लोखंडास जोडावी आणि दुसरीने प्रवाहाची वाट चाचपीत जावे. बॅटरी, अँमीटर, स्विच, कॉइलचे येणारे टोक, कॉइलचे जाणारे टोक, असा क्रम सोडू नये. दिवा जेथपर्यंत लागतो तेथपर्यंत वाट शाबूत आहे. जेथे तो प्रथम लागत नाही, त्या जागेच्या व मागील जागेच्या दरम्यान दोष आहे. कॉइलच्या जाणाऱ्या टोकाशी थोडी गंमत आहे. पॉइंट उघडे असता दिवा लागला पाहिजे आणि मिटताच विझला पाहिजे. एंजिन फिरवूनही तो सारखा जळत राहिला, तर पॉइंट मळले आहेत किंवा मिटतच नाहीत. तो मुळीच लागला नाही, तर कॉइलची तार आतून तुटली असेल, अथवा पुढील तार किंवा कंडेन्सर सांगाड्यास भिडला असेल.

येथवर सर्व ठीक असेल, तर कॉइलची मधली जाड तार झाकणातून काढावी. तिचे टोक सुक्या, विद्युत्रोधक पकडीने एंजिनापासून सुमारे पाव इंचावर धरून दुसऱ्यास सेल्फ मारण्यास सांगावे. गाडी न्यूट्रलमध्ये असावी आणि जवळपास पेट्रोलचा थेंबही नसावा. निळसर, कडकडीत ठिणगी आली तर कॉइलपर्यंतचे सर्व निर्दोष समजावे आणि पुढे झाकण, रोटर व प्लग यांकडे वळावे. पावसाळ्यात झाकणाच्या आत साचलेला ओलावा किंवा केसाएवढी चीरही ठिणगी भलत्याच वाटेने पळवून नेते. ठिणगी पिवळी व मलूल असेल, तर पॉइंट किंवा कंडेन्सर यांचा संशय धरावा. एक इशारा येथेच देतो. एंजिन बंद असता चावी उघडी ठेवू नये. पॉइंट मिटलेले असल्यास कॉइल तापते व बॅटरीही रिती होते.

परतीच्या वाटेचे दोष मोठे फसवे असतात. एक दिवा लावावा तर दुसराच मंद पेटतो. कोठे ब्रेक दाबताच मागचे सर्व दिवे मिणमिणतात. असे होते तेव्हा विजेला तिची सरळ वाट मिळालेली नसते, म्हणून ती दुसऱ्या दिव्यातून आडवाट काढते. अशा वेळी दिवा न बदलता, तो जेथे सांगाड्यास जोडला आहे तेथील गंज व रंग काचकागदाने खरवडून काढावा. एंजिन रबरी गाद्यांवर बसविलेले असते. म्हणून एंजिन व सांगाडा यांना जोडणारी विणीची पट्टीही अवश्य पाहावी.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. भाजीपाला लादलेली जुनी गाडी रात्री चोर्ल्याच्या घाटात असता दिवे गेले, तर माणसांच्या जिवावर बेतते. झिजलेली तार लोखंडास भिडली की तिच्यातून बेसुमार प्रवाह धावतो, ती तापून लाल होते आणि शेजारी पेट्रोलची नळी असते. म्हणून फ्यूज वारंवार जळू लागल्यास त्याच्या जागी जाड तार किंवा चांदीचा कागद घालणे म्हणजे पहारेकऱ्याला बांधून ठेवून घर उघडे टाकणे होय. तारांस हात लावण्यापूर्वी बॅटरीची सांगाड्याकडील तार आधी सोडावी. मग पाना चुकून लोखंडास लागला तरी ठिणगी उडत नाही. विद्यार्थ्यांनी हे काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे, हे वेगळे सांगावयास नको.

१९७० नंतरच्या दशकात पॉइंटांची जागा इलेक्ट्रॉनिक साधनांनी घेतली आणि ही विद्या आता जुन्या गाड्यांपुरती उरली आहे. तरीही ती शिकण्याजोगी आहे, असे आम्हांस वाटते. ठाऊक असलेल्या जागेपासून निघावे, एका वेळी एकच पाऊल टाकावे आणि दिवा जे दाखवील तेवढेच खरे मानावे. गणितात उत्तर चुकले की आपण वहीत पहिल्या पायरीपासून पाहत येतो. गाडीचेही तसेच आहे. ज्याला ही सवय जडली, त्याच्या खिशात पान्यांची पेटी नसली तरी चालेल; एक लहानसा दिवा त्याला पुरे.