दहा टक्क्यांचे अठरा!

दिवाळीच्या मुहूर्तावर मोटारसायकल घरी आणण्याची हौस आमच्या वर्धा जिल्ह्यात आता खेडोपाडी पोचली आहे. कापूस, सोयाबीन हाती आले की देवळी-हिंगणघाटकडचा शेतकरी शोरूमची पायरी चढतो. अशाच एका शेजाऱ्याबरोबर मी गेलो होतो. विक्रेता म्हणाला, “भाऊ, व्याज फक्त १० टक्के!”

मी पेन्सिल काढली. ६०,००० रुपयांवर ३ वर्षांचे व्याज १८,०००, हप्ता २,१६७. आता गंमत पाहा! मुद्दल दरमहा फिटत जाते, व्याज मात्र अखेरपर्यंत पुऱ्या ६०,००० वर! घटत्या बाकीवर मोजले तर हाच दर सुमारे १८ टक्के भरतो. फाईल चार्ज निराळाच. पगारपत्रक असलेल्या नोकरदाराला बँकेचे दार उघडे; ज्याचे उत्पन्न हंगामी, त्याच्या माथी हे महाग कर्ज.

हा भेदभाव इथलाच नव्हे. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक व आशियाई ग्राहकांना मोटारकर्जावर जादा व्याज पडले, म्हणून अमेरिकेत २०१३ साली ॲली कंपनीला ९.८ कोटी डॉलर मोजावे लागले.

मग उपाय काय? १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने अशा नव्या कर्जांसाठी ‘मुख्य तथ्य विवरण’ सक्तीचे केले आहे. त्यात सर्व आकार धरून खरा वार्षिक दर लिहावा लागतो, तोही ग्राहकाला समजेल अशा भाषेत. त्यात नसलेला आकार तुमच्या संमतीवाचून घेता येत नाही. तेव्हा मंडळी, गाडीला हार घालण्याआधी तो कागद मागा. वाचा, आणि मगच सही करा.