पदार्थविज्ञानाचा गृहपाठ आणि घरचीं वडील मंडळी

ज्या घरांत नववी-दहावींतील मूल आहे, त्या घरीं दिवेलागणीनंतर एक प्रश्न बहुधा ऐकूं येतो : "हें गणित कोणाला येतें कां?" गणित असतें पदार्थविज्ञानाचें. मग काका धांवून येतात, मोठा भाऊ येतो, आणि कोणीच न आलें तर हल्लीं मोबाईल येतो. गणिताचें छायाचित्र काढलें कीं तो रीतीसह उत्तर मांडून देतो. वही पुरी होते, घर शांत होतें. आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत ते या शांततेविषयीं.

आम्हीं जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलें. पदार्थविज्ञानाशीं आमचा संबंध मॅट्रिकच्या परीक्षेबरोबरच सुटला होता. परंतु गतवर्षीं आमच्या थोरल्या पुतण्याच्या मुलीस नववीच्या चाचणींत वीसांपैकीं सहा गुण पडले, आणि घरांत गहजब झाला. कारण तिच्या गृहपाठाच्या वहींत एकहि चूक नव्हती. असणार कशी? सारीं गणितें तिच्या इंजिनियर काकानें सांगितलेलीं. मुलीची मात्र खात्री झाली कीं, आपणांस बुद्धीच नाहीं. "आजोबा, मला अकरावीला सायन्स नको," असें ती डोळे पुशीत म्हणाली, तेव्हां आम्ही तिच्यापाशीं बसलों.

पहिल्याच संध्याकाळीं आमची फजिती झाली. चेंडू दर सेकंदास १९.६ मीटर या वेगानें सरळ वर फेकला, तर तो किती उंच जाईल, आणि अगदीं वरच्या टोकास त्याचें त्वरण किती, असा प्रश्न होता. आम्हीं ठामपणें सांगितलें, "तेथें चेंडू क्षणभर थांबतो, अर्थात् त्वरण शून्य." तिनें तसेंच लिहिलें. दुसऱ्या दिवशीं वहींत तांबडी फुली! वडीलकीच्या अधिकारानें चुकीचें सांगण्याइतकें सोपें काम दुसरें नसेल.

मग आम्हीं तिचेंच पुस्तक मागून घेतलें, आणि सूत्र बाजूस ठेवून तिच्याकडून एक कोष्टक करविलें. पृथ्वीच्या ओढीनें वेग दर सेकंदास ९.८ मीटरनें घटतो. एका सेकंदानंतर उरतो ९.८, दोन सेकंदांनंतर शून्य, आणि तीन सेकंदांनंतर पुन्हां ९.८, पण खालच्या दिशेनें. पहिल्या दोन सेकंदांतील सरासरी वेग ९.८, म्हणून उंची १९.६ मीटर. येथवर आल्यावर आम्हीं विचारलें, "दुसऱ्या सेकंदास वेगहि शून्य आणि त्वरणहि शून्य असतें, आणि पुढेंहि तसेंच राहतें, तर काय झालें असतें?" ती बराच वेळ गप्प राहिली. आम्हीहि गप्प राहिलों. शिकविण्याच्या धंद्यांत हें गप्प बसणेंच सर्वांत अवघड. शेवटीं ती एकदम म्हणाली, "अहो आजोबा, मग चेंडू वरच लटकून राहिला असता!" त्या दिवसापासून वेग आणि वेगांतील बदल यांत तिचा गोंधळ झालेला आम्हीं पाहिला नाहीं.

हा गोंधळ आमच्याच घरचा नव्हे. अमेरिकेंत १९९२ सालीं हेस्टेनीस व त्यांचे दोन सहकारी यांनीं बल आणि गति यांवर एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तींत आंकडेमोड नाहीं. साधे, नित्याच्या अनुभवांतले प्रश्न आहेत. हार्वर्डचे प्राध्यापक एरिक माझुर यांनीं ती आपल्या विद्यार्थ्यांस दिली, तेव्हां पुस्तकी गणितें सफाईनें सोडविणारीं मुलें या साध्या प्रश्नांवर अडखळलेलीं त्यांस दिसलीं. सूत्रांत आंकडे घालतां येणें निराळें आणि चेंडू दिसणें निराळें.

मग मदत करावी तरी किती? हंगेरींत जन्मलेले गणिती जॉर्ज पोल्या यांनीं १९४५ च्या आपल्या पुस्तकांत म्हटलें आहे कीं, ती फारहि नसावी व थोडीहि नसावी. आणि प्रथम विचारावें, काढावयाचें काय, व दिलेलें काय. पक्ष, साध्य, हेतु यांचा निवाडा केल्यावांचून तोंड न उघडणाऱ्या आमच्या नैयायिकांस हें सहज पटलें असतें! आम्ही मुलीस आधीं गणित मोठ्यानें वाचावयास लावतों, आपल्या शब्दांत सांगावयास लावतों, आकृति काढवितों. पेन्सिल तिच्याच हातीं. एककें लिहिलींच पाहिजेत. निम्म्या चुका तेथेंच उघड्या पडतात.

एकदां गणित निघालें : मोटार जातांना ताशीं ४० किलोमीटर व त्याच रस्त्यानें येतांना ताशीं ६० किलोमीटर वेगानें धांवली, तर सरासरी वेग किती? इंजिनियर काका चहा घेतां घेतां उद्गारले, "पन्नास." मुलीनें अंतर १२० किलोमीटर धरलें. जावयास तीन तास, यावयास दोन. पांच तासांत २४० किलोमीटर, म्हणजे ताशीं ४८. काकांनीं कप खालीं ठेवून तिची वही हातीं घेतली, व बराच वेळ पाहिली.

पुढच्या चाचणींत तिला बारा गुण पडले. वहींत आतां खोडाखोड फार असते, आणि तिच्या आईस तें मुळींच आवडत नाहीं. सध्यां ती दहावींत आहे. परवां तिनें होऊन विचारलें, हवेचा अडथळा धरला तर चेंडूस वर जावयास दोन सेकंदच लागतील कां? आम्ही चष्मा शोधीत होतों, तोंच ती म्हणाली, "नाहीं, कमी लागतील, वर जातांना हवासुद्धां त्याला खालींच लोटते. आणि आजोबा, हें काकाला आधीं सांगूं नका, मला त्याला विचारायचें आहे."