मधाने नाव मिळवलेले शहर

जर्मनीत नाताळ जवळ आला की न्यूरेंबर्ग शहरातल्या भट्ट्यांमधून मध, दालचिनी आणि लवंगेचा वास येऊ लागतो. 'लेबकुखन' नावाचा हा चपटा, तपकिरी, मसालेदार केक तिथे घरोघरी खातात. त्याच्या कीर्तीचे मूळ मात्र शहराभोवतीच्या जंगलात आहे.

मध्ययुगात युरोपात साखर दुर्मीळ आणि महाग होती. गोडासाठी आधार मधाचाच. या जंगलात 'झाइडलर' नावाचे मधपाळ उंच झाडांच्या खोडात ढोल्या कोरून मधमाश्या वसवीत. मध काढताना माश्यांच्या हिवाळ्याची बेगमी मागे ठेवीत. १३५० साली सम्राट चौथ्या चार्ल्सने त्यांना हक्कांची सनद दिली. फॉइख्ट गावी त्यांचे स्वतःचे न्यायालय भरे.

मसाले आले आपल्या बाजूने. मलबारची मिरी, आले, वेलदोडे आणि सिलोनची दालचिनी अरब व्यापाऱ्यांकडून व्हेनिसला आणि तिथून न्यूरेंबर्गच्या बाजारात पोहोचे. म्हणूनच जर्मनीत या केकला 'मिरीचा केक' असेही नाव आहे.

करण्याची जुनी रीत सबुरीची. मध गरम करून त्यात पीठ मळायचे आणि गोळा थंड जागी काही आठवडे, कधी काही महिने मुरत ठेवायचा. मधात पाणी कमी, म्हणून तो नासत नाही. भाजण्यापूर्वी त्यात मसाले आणि लाकडाच्या राखेतून काढलेला खार मिसळीत. आपल्या पापडखारासारखाच तो प्रकार. त्याने केक फुगतो.

१६४३ मध्ये हे केक करणाऱ्या कारागिरांचा स्वतंत्र संघ झाला. आजही नियम कडक आहेत. 'एलिझेन' या सर्वांत उंची प्रकारात बदाम, अक्रोड, हेझलनट असा सुकामेवा निदान २५ टक्के हवा आणि पीठ १० टक्क्यांहून जास्त नको. १९९६ पासून युरोपच्या कायद्याने 'न्यूरेंबर्गचे लेबकुखन' हे नाव फक्त त्या शहरात भाजलेल्या केकलाच लावता येते.

आपल्याकडेही बांधावर मधपेट्या ठेवणारी घरे आहेत. माशीचा वाटा तिला ठेवायचा आणि गिऱ्हाइकाच्या वाट्यात भेसळ करायची नाही, एवढे सांभाळले तर मधाला नाव मिळते. आणि नाव झाले की भावही मिळतो.