शारदेचा नकार आणि शास्त्राचा निकाल

१३ जानेवारी १८९९ रोजी इंदूर येथे किर्लोस्कर नाटक मंडळीने गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ प्रथम रंगभूमीवर आणले, तेव्हा जरठ-कुमारी विवाहाचा प्रश्न महाराष्ट्रास अपरिचित नव्हता. बालपणी लावलेला विवाह नाकारणाऱ्या रखमाबाईंचा खटला मुंबईच्या हायकोर्टात गाजून गेला होता आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात सुधारक व सनातनी यांच्यात रण माजले होते. परंतु बारा वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हा गुन्हा ठरविणाऱ्या त्या कायद्यात वराच्या वयास वरची मर्यादा कोठेच नव्हती. देवलांची इतर नाटके संस्कृत वा पाश्चात्त्य कृतींवरून बेतलेली. ‘शारदा’ मात्र सर्वस्वी त्यांची स्वतःची आहे, आणि तिच्यातील करुणा आजही पोळते.

धनाढ्य, जराजर्जर भुजंगनाथाला तरुण बायको हवी आहे, भद्रेश्वर दीक्षित दलालीस सिद्ध आहे आणि कांचनभट पैशाच्या लोभाने पोटची पोर शारदा भुजंगनाथाच्या पदरात घालावयास निघाला आहे. मैत्रिणींच्या घोळक्यात वल्लरी त्या नवरदेवाच्या कोवळ्या वयाचे आणि पडलेल्या दातांचे उपरोधिक वर्णन गाऊन करते, पोरी खदखदून हसतात; पण ज्या मुलीच्या नशिबी हा नवरा यावयाचा, तिच्या कानांवर ते हसू कसे पडत असेल याचा विचार मनात येताच प्रेक्षकाच्या ओठांवरचे हसू विरते. शारदेच्या आईला, इंदिराकाकूला, लेकीचे दुःख कळते, तिचा जीव तीळ तीळ तुटतो, परंतु कन्यादानाची मुखत्यारी पित्याची. मातेने रडावे, विनवावे, यापलीकडे घराच्या कारभारात तिच्या शब्दाला वजन नाही. आणि ही व्यथा रंगभूमीवर त्या काळी स्त्रीवेषधारी पुरुषच गात होते; पुढे बालगंधर्वांनीही शारदा उभी केली.

शारदा सुटते ती कशामुळे? तिच्या नकारामुळे नव्हे. वधू आणि वर सगोत्र आहेत, हे कोदंड नावाचा तरुण भर विवाहमंडपात उघडकीस आणतो, आणि जे कार्य मुलीच्या अश्रूंनी थांबले नव्हते ते गोत्राच्या उच्चाराने थांबते. मंडपातून अशी परतलेली मुलगी पुन्हा कोण करणार, या विवंचनेने ती जीव द्यावयास निघते आणि कोदंडच तिला वाचवितो. कित्येक टीकाकारांस या शेवटात नाटककाराची भीरुता दिसते. मला ते पटत नाही. कन्येचे शुल्क घेऊ नये, हे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातच बजावलेले आहे. म्हणजे कांचनभट ज्या शास्त्राच्या बळावर बाप म्हणून अधिकार गाजवितो, त्याच शास्त्राचा तो अपराधी आहे. देवलांनी परंपरेला परंपरेच्याच सदरेवर आरोपी म्हणून उभे केले, कारण त्यांच्या प्रेक्षकांना मान्य होईल असे दुसरे न्यायासन त्या वेळी अस्तित्वातच नव्हते. त्या न्यायासनापुढे शारदेची साक्ष मात्र ग्राह्य धरली जात नाही, आणि हे वैगुण्य नाटकापेक्षा समाजाचे आहे.

पुढील कायद्यांचा इतिहास या दृष्टीने वाचावा. अजमेरच्या हरबिलास सारडांच्या खटपटीने झालेल्या १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीचे किमान वय चौदा ठरले. एकवीस वर्षांवरील वरास एक महिन्यापर्यंत साधी कैद वा एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला. परंतु झालेला विवाह कायमच राहिला. भुजंगनाथाने दंड भरला असता आणि शारदा त्याचीच बायको राहिली असती. १९४६ साली सगोत्र विवाहावरचे बंधन कायद्याने काढून टाकले, तेव्हा तिला तारणारी शास्त्राची आडकाठीही गेली. आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने वधूचे किमान वय पंधरा केले खरे, पण अठराच्या आतील वधूच्या विवाहास पालकाची संमती आवश्यक ठरविली. त्या पालकांच्या यादीत पहिला पिता होता, आणि इंदिराकाकूचा क्रम त्याच्यानंतर.