ब्रेक ऑइलमधले न दिसणारे पाणी

आपल्या वस्त्यांत रिक्षा, टेम्पो, टॅक्सी, शाळेची व्हॅन चालवून संसार उभा करणारी घरे पुष्कळ आहेत. कुणी कर्ज काढून गाडी घेतली आहे, कुणी मालकाची गाडी रोजावर चालवतो. घरातला माणूस सकाळी गाडी घेऊन बाहेर पडला की तो रात्री परत येईपर्यंत घरच्यांचा जीव थाऱ्यावर नसतो. मग कधी तरी वर्तमानपत्रात एक ओळ येते : "ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा ताबा सुटला." वाचणारा हळहळतो, नशिबाला बोल लावतो आणि पान उलटतो. ब्रेक निकामी का झाला, हे कुणी विचारीत नाही. आम्हीही विचारीत नव्हतो. विचारायला शिकलो ते २०१९ च्या पावसाळ्यात, कसारा घाटात.

नाशिकला नात्यातल्या बाळाचे नामकरण होते. ते आटोपून भाच्याच्या जुन्या जीपगाडीतून आम्ही लहानमोठी नऊ माणसे कल्याणला परत निघालो होतो. गाडी भाच्याने चार वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली. इगतपुरी मागे पडली, घाट उतरू लागलो. पुढे ट्रकची रांग. भाच्याने गाडी वरच्या गिअरमध्येच ठेवली होती आणि पाय सारखा ब्रेकवर होता. अर्धा घाट उतरलो असू, तोच तो दबक्या आवाजात म्हणाला, "मामा, पेडल खाली बसतंय. ब्रेक लागेना!"

मागे बसलेल्या बायकांना त्याने कळू दिले नाही. पेडल भराभर पंप केले, गाडी तिसऱ्या, मग दुसऱ्या गिअरमध्ये आणली, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूला गाडी टेकवली. चाकांतून जळका वास येत होता. आम्ही सगळे खाली उतरलो, तेव्हा कुणाच्याच तोंडून शब्द फुटत नव्हता.

खरी गंमत पुढेच आहे. पाऊण तासाने भाच्याने पेडल दाबून पाहिले, तर ते पूर्वीसारखे घट्ट! ब्रेक जणू आपोआप बरा झाला होता. बरोबरच्यांपैकी एकजण म्हणालाही, "गरम झाला होता, थंड झाला. चला आता." आम्ही मात्र कसाऱ्याहून लोकल धरली आणि गाडी दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला आणायला लावली. तो निर्णय बरोबर होता, हे मिस्त्रीने गाडी तपासल्यावर कळले.

ऑइल नव्हे, पाणी ओढणारा द्रव

आपण ज्याला 'ब्रेक ऑइल' म्हणतो ते खरे म्हणजे तेल नव्हे. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ या नावांनी मिळणारा हा द्रव ग्लायकॉल नावाच्या रसायनापासून तयार होतो. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला जसे पाणी सुटते, तसाच हा द्रवही हवेतली ओल ओढून घेतो. डबीच्या झाकणातून, रबरी होजमधून ओल थोडी थोडी आत जात राहते. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत तर ती भरपूर मिळते. गाडी उभी असली तरी हे चालूच असते.

पेडल दाबले की हा द्रव नळीतून चाकाकडचा दट्ट्या ढकलतो आणि लायनर किंवा पॅड चाकाला आवळतात. द्रव दबत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. घरी सुई नसलेली सिरिंज असेल तर मुलांना हे दाखवता येईल. सिरिंज पाण्याने भरा, तोंडावर बोट ठेवा आणि दट्ट्या दाबा. तो हलणार नाही. आता तिच्यात हवा घेऊन तसेच करा. दट्ट्या आत जाईल. वाफही हवेसारखीच दबते.

घाटात ब्रेक सारखा लागला की चाकाकडे प्रचंड उष्णता तयार होते आणि ती द्रवापर्यंत पोचते. नवा कोरडा डॉट ३ निदान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये, असे मानक आहे. डॉट ४ साठी हा आकडा २३० आहे, तर डॉट ५.१ साठी २६०. पण त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की हेच आकडे अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० वर येतात. शंभर भागांत चार भागही पाणी नाही आणि एवढा फरक! द्रव उकळला की नळीत वाफ होते. मग पायाचा जोर वाफ दाबण्यातच जातो आणि पेडल खाली बसते. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पेडल घट्ट लागते. ब्रेक बरा झालेला नसतो, तो फक्त पुढच्या उताराची वाट पाहत असतो.

शिवाय आतल्या पाण्याने मास्टर सिलिंडर, चाकाकडचे सिलिंडर आणि नळ्या गंजतात, तो खर्च वेगळाच.

रंगावर जाऊ नका

मिस्त्रीने भाच्याच्या गाडीची डबी उघडली, तेव्हा ऑइल पिवळसर आणि बऱ्यापैकी स्वच्छ दिसत होते. कारण चार वर्षांत दोनदा वरून भर घातली होती. पण आतले जुने ऑइल कुणीच काढले नव्हते. मिस्त्रीने पेनाएवढे एक यंत्र टोकाकडून डबीत बुडवले आणि बटण दाबले. लाल दिवा लागला. तो म्हणाला, "काळं झालेलं ऑइल वाईट हे सगळ्यांना कळतं हो. पण पाणी काही डोळ्यांना दिसत नाही."

हा टेस्टर पेन काही शे रुपयांत मिळतो. तपासणी पाच मिनिटांची आहे.

गाडी थंड असताना सपाट जागी उभी करावी. पावसात हे काम करू नये. डबीच्या झाकणाभोवतीची धूळ आधी कोरड्या फडक्याने पुसावी, म्हणजे ती आत पडणार नाही. पेनावर डॉट ३, ४ अशी निवड असेल, तर झाकणावर लिहिलेला प्रकार पाहून ती करावी. टोक स्वच्छ आणि कोरडे करून बुडवावे. बहुतेक पेनांवर हिरवा दिवा म्हणजे पाणी नाही, पिवळा म्हणजे एक-दोन टक्के आणि लाल म्हणजे तीन टक्के किंवा अधिक असे धरतात. पेनाबरोबरचा कागद मात्र वाचावा. काम झाले की झाकण लगेच घट्ट लावावे.

पेनाचीही एक मर्यादा आहे. तो पाणी मोजत नाही. द्रवातून वीज किती वाहते त्यावरून तो अंदाज सांगतो. म्हणून आधी त्याच प्रकारच्या नव्या, नुकत्याच फोडलेल्या बाटलीतले थोडे ऑइल तपासून पाहावे. तिथे हिरवा लागला तर पेनावर भरवसा ठेवायला हरकत नाही. द्रव प्रत्यक्ष तापवून तो किती अंशाला उकळतो ते सांगणारे यंत्र काही मोठ्या गॅरेजांत असते, ते अधिक खात्रीचे. आणखी एक गोष्ट. डबीतले ऑइल चांगले निघाले तरी चाकाजवळचे खराब असू शकते, आणि उष्णता तर चाकाजवळच असते. नुसती भर घातलेली गाडी असेल, तर चाकाच्या निपलमधून काढलेले थोडे ऑइल तपासायला सांगावे.

लाल दिवा लागला तर भर घालून भागत नाही. सगळ्या चाकांतून जुने ऑइल काढून नवे भरावे लागते आणि हवा पूर्ण काढावी लागते. हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. बहुतेक गाड्यांना साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगितलेले असते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते पाहावे आणि बदलल्याची तारीख डबीजवळ चिठ्ठीवर लिहून चिकटवावी. नवी बाटली सीलबंदच घ्यावी. गॅरेजच्या फळीवर महिनोन्‌महिने उघडी पडलेली बाटली ओल पिऊन बसलेली असते. आणि 'ऑइल' म्हणतात म्हणून कुणी त्यात इंजिन ऑइल ओतू नये. आतली रबरे फुगतात आणि ब्रेक कायमचा बिघडतो.

एसटी आणि मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, त्यांना हे ऑइल नसते. पण त्यांच्याही हवेच्या टाक्यांत पाणी साचते आणि ते वेळच्या वेळी सोडावे लागते.

घरच्यांनीही लक्षात ठेवावे

उरलेले ब्रेक ऑइल थंड पेयाच्या बाटलीत भरून घरात ठेवायची सवय काही जणांना असते. हे विष आहे. पोराबाळांच्या हाती लागले तर जिवावर बेतेल. ते मूळ बाटलीतच, कुलपात ठेवावे. अंगावर किंवा डोळ्यात उडाले तर भरपूर पाण्याने धुवावे. गाडीच्या रंगावर सांडले तरी लगेच पाणी ओतावे, नाहीतर रंग सोलून निघतो.

उतारावर पेडल खाली बसलेच, तर भाच्याने केले तेच करावे. इंजिन बंद करू नये, कारण ब्रेक आणि स्टिअरिंगला मिळणारी मदत जाते. गाडी थांबल्यावर तापलेल्या चाकांवर पाणी मारू नये, तडा जाऊ शकतो. आणि मुळात घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणे म्हणजे जिवाशी खेळ.

आता भाच्याच्या रिक्षा-टेम्पो स्टँडवर सर्वांनी वर्गणी काढून एक टेस्टर पेन घेतला आहे. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर प्रत्येक गाडी तपासली जाते आणि वहीत तारीख लिहिली जाते. ज्या बंपरवर पूर्वी लिंबू-मिरची लोंबायची, तिथे आता कुणी ती बांधत नाही. मालकाची गाडी चालवणाऱ्यांनाही या वहीचा उपयोग झाला. लाल दिवा दाखवून ते मालकाला ऑइल बदलायला सांगू शकतात. अपघात झाला की पहिला दोष चालकावर येतो, तेव्हा हातात लिहिलेली तारीख असलेली बरी.

आज संध्याकाळी घरचा माणूस गाडी लावून आला की त्याला जेवायला वाढताना एवढेच विचारा, "ब्रेक ऑइल कधी बदललं होतं?" उत्तर लगेच आले नाही, तर उद्या सकाळी पहिला फेरा गॅरेजचा करायला सांगा.