आयसोपॉडच्या डब्यात केळं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बागेतली कुंडी उचलली की खाली राखाडी, चौदा पायांचे चिमुकले जीव सैरावैरा पळताना दिसतात. काही हात लावताच गोळी होऊन बसतात. हेच आयसोपॉड हल्ली लोक हौसेने डब्यात पाळतात. ‘रबर डकी’सारख्या थायलंडकडच्या जातींना तर भलतेच पैसे मोजतात. आणि घरी आणल्या आणल्या डब्यात केळ्याची फोड पडते, कारण हे फळं खाणारे किडे आहेत असा समज!

मुळात ते कीटक नव्हेत. कोळंबी-खेकड्यांच्या गोतातले हे प्राणी; जमिनीवर राहणाऱ्या त्यांच्या ३,५००हून जास्त जाती ज्ञात आहेत. त्यांचं रोजचं जेवण म्हणजे कुजकी पानं आणि भुसभुशीत झालेलं लाकूड. देशी बदामाची वाळकी पानं पाळणारे परदेशात विकत घेतात. आपल्याकडे सफाई कामगार ती रोज झाडून टाकतात. फवारणी न होणाऱ्या झाडाखालची उचला, उकळत्या पाण्यातून काढा, झालं. निलगिरी आणि कडुनिंब मात्र नको.

फळ त्यांना आवडतं, यात वाद नाही. रात्री काकडीची चकती ठेवा. सकाळी बहुधा मधला मऊ गर गायब आणि सालीचं नुसतं कडं उरलेलं. पण आवडतं म्हणून पुरतं असं नाही. फळात साखर आणि पाणी भरपूर, कॅल्शियम आणि प्रथिनं जेमतेम. आयसोपॉडचं कवच कॅल्शियमचं. कात टाकायच्या आधी ते कॅल्शियम पोटाखाली पुढच्या भागात साठवतात, तिथे पांढरे चट्टे स्पष्ट दिसतात. मग मागची अर्धी कात आधी निघते, पुढची नंतर, आणि टाकलेली कात बहुतेक वेळा खाल्ली जाते. तेव्हा डब्यात समुद्रफेनाचा तुकडा किंवा अंड्याच्या कवचाची पूड कायम असू द्या. अधूनमधून चिमूटभर सुकट किंवा माशांचं खाद्यही टाका. प्रथिनं कमी पडली तर नुकती कात टाकलेल्या मऊ भाईबंदांवरच ते तोंड टाकतात.

‘संत्रं-मोसंबी म्हणजे विष’ हेही सरसकट खरं नाही. सालीच्या तेलातलं लिमोनीन कीटकनाशकांत वापरलं जातं, म्हणून साल टाळावी हे बरोबर. गराची छोटी फोड हा वेगळा मामला. तिच्याकडे ते कदाचित फिरकणार नाहीत एवढंच. खरा धोका फळाच्या जातीपेक्षा त्यावरच्या फवारणीचा आहे. किडीला मारणारं औषध यांनाही मारतं. बाजारातलं फळ धुऊन, सोलूनच द्यावं. केळ्याची सालही आत टाकू नये.

‘फळात पाणी असतंच, मग वेगळा ओलावा कशाला?’ हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. आयसोपॉड पोटाखालच्या अवयवांनी श्वास घेतात आणि ते अवयव ओले राहावेच लागतात. कीटकांसारखा मेणाचा घट्ट थर अंगावर नसल्यामुळे त्यांच्या शरीरातलं पाणी झपाट्याने उडतं. डब्याची एक बाजू ओल्या शेवाळाची आणि दुसरी कोरडी ठेवली, की ते आपली जागा आपण निवडतात.

बुरशीला मात्र लोक उगाच घाबरतात. थोडी बुरशी ते स्वतःच खातात. उरलेल्या फळाचा त्रास वेगळाच: दमट डब्यात चिलटं आणि कोळीकिडे माजतात, आणि बंद डब्यात सडका वास कोंडतो. आयसोपॉडची स्वतःची विष्ठा साफ करण्याची मात्र घाई नको. ती ते पुन्हा खातात आणि तिच्यातलं तांबं परत मिळवतात. त्यांच्या रक्तात ऑक्सिजन वाहणारं द्रव्य तांब्याचंच असतं.

तेव्हा आठवड्यातून एक-दोनदा, फळाचा नखाएवढा तुकडा, संध्याकाळी पानांवर ठेवा. उरलं तर दुसऱ्या दिवशी काढून टाका.